सात नंबरचं बन

११ मे १९५८

“नाकेदाराच्या घरात राहशीन, पन चुलीच्या काड्या इकतच आनशीन.” सासूबाई म्हणाल्या होत्या, मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात. पंचवीस वर्षं झाली. तेव्हा वाटलं, नव्या सुनेची थट्टा चालली आहे. दारापासून शंभर पावलांवर बाभळीचं बन, ते थेट पूर्णेच्या काठापर्यंत — आणि काड्या विकत? पण खरंच निघालं. हे जंगल खात्याचे नाकेदार. बन राखायचं, हीच नोकरी. बनातली वाळकी फांदीसुद्धा यांनी कधी घरात येऊ दिली नाही. आमची चूल पऱ्हाट्यांवर. कापूस निघून गेला की शेतकऱ्यांकडून त्या वाळक्या काटक्यांचे भारे घ्यायचे आणि वर्षभर पुरवायचे.

आज आठवलं, कारण आज बनाचा शेवटचा तुकडा तुटला. तीस वर्षांची झाडं. खात्याच्या हिशोबाने पाळी आली होती. दुपारी स्वैपाकघराच्या खिडकीतून पूर्णा दिसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नदी एवढी जवळ आहे हे मला माहीतच नव्हतं.

१३ मे

गाड्या भरून लाकूड मूर्तिजापूरच्या स्टेशनावर चाललं आहे. सरळ बुंधे चाकांना आणि वखरांना, वाकडे जळणाला. हे उन्हात उभे राहून लाकडावर शिक्का मारतात. घरी येतात तेव्हा उजवा हात उचलत नाही.

त्रेचाळीस साली असंच झालं होतं. लढाईसाठी म्हणून पलीकडच्या काठचं तीनशे एकर बन तोडलं. पुन्हा लावू, म्हणाले होते साहेब. आज तिथे क्षितिजापर्यंत पऱ्हाटी. हे त्या बाजूला पाहतसुद्धा नाहीत.

जेवताना मी म्हटलं, “बाभळीच तर आहेत. परत येतील.”

“आपोआप नाई येत काही,” म्हणाले आणि हात धुवायला उठले.

२० मे

वाटप झालं. नीट लिहून ठेवते, नाहीतर माझाच गोंधळ होईल. तोडलेल्या जमिनीचे सात तुकडे केले, पाच-पाच एकरांचे. गावातल्या बिनजमिनीच्या लोकांना दोन पावसाळे कसायला द्यायचे. अट एकच. पऱ्हाटीच्या मधून दहा-दहा फुटांवर बाभळीचा तास, एकेक ओळ, पेरायचा आणि तो राखायचा. दोन वर्षांनी माणसं बाहेर. मग तिथे नुसतं बन. बाभळी उगवल्याच नाहीत, तर त्याच माणसाला आणखी दोन वर्षं, पुन्हा पेरणी.

तीन नंबर शेषरावाच्या नावे. शेषराव म्हणजे खुशालराव पाटलांचा सालदार. पाटलांना स्वतःची जमीन काय थोडी आहे? तेव्हा तीन नंबर खरा कोणाचा ते सगळ्यांना कळलं. लोक हसले. शेषरावही हसला.

सात नंबर बुधाजीला. बुधाजी लाजाळू. त्याची बायको भागीरथा पुढे आली आणि कागदावर त्याच्या नावाशेजारी आपलं नाव लिहिलं. अंगठा नाही — अक्षर. गेल्या वर्षी शिकली म्हणे. ‘भ’ थोडा मोठा झाला, पण सुबक.

परवाच्या साली बुधाजीच्या लोकांनी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. गावातली मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. खुशालरावांनीही मग त्यांना निंदणाला, वेचणीला बोलावणं बंद केलं. पाटलांचं पाहून इतरांनीही. तेव्हा सात नंबर हाच बुधाजी-भागीरथेचा सगळा आधार.

२८ मे

भागीरथा आली होती. अट पुन्हा समजून घ्यायला. पूर्वी अंगणाच्या कडेला उभी राहायची आणि ‘मायबाई’ म्हणायची. आज ओट्यावर बसली, ‘बाई’ म्हणाली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल.

मी चहा ठेवला. कप काढताना हात आधी कान तुटलेल्या कपाकडे गेला. कोणी पाहत नव्हतं. मी पाहिलं. मग चांगले दोन काढले. आणि मी स्वतःला मोठ्या मनाची समजत होते!

“दोन साल म्हंजे दोनच पिकं ना, बाई?”

“दोनच.”

“एक साल तं खुटं खंदण्यातच जाईन. जमीन जरा हाती आली का निंघा म्हन्तीन.” बशी फुंकत बसली. मग — “अन् बाभूय नाईच उगवली तं?”

“तर आणखी दोन वर्षं.”

“मंग तं आमी तिचं वाईटच चिंताव.” हसली. “तेई नाकेदाराच्या ओट्यावर बसून.”

मीही हसले. खूप दिवसांनी कोणाबरोबर तरी.

१ जून

विहिरीवर मनकर्णाबाई भेटल्या. खुशालरावांच्या घरच्या. “काय वो नाकेदारीनबाई, तुमच्या ओट्यावर पंगती बसतात म्हनते गाव.”

मी म्हटलं, “चहाच होता हो.” घागर घेऊन निघाले. वाटेत स्वतःचाच राग आला. चहाच होता — म्हणजे पंगत असती तर चुकलं असतं का?

९ जून

मृग लागला. बियाण्याची अडचण आहे. दरवर्षी बी पुंजाजी द्यायचा. त्याच्या बकऱ्या बनातल्या शेंगा खायच्या, बी त्यांच्या पोटातून लेंडीबरोबर पडायचं, आणि पुंजाजी बकऱ्या कोंडायचं वाडगं झाडून ते पोत्यात भरून आणायचा. ते हमखास उगवतं, म्हणतात. पण बनच तुटलं. शेंगा नाहीत. पुंजाजी कळप घेऊन मेळघाटाच्या पायथ्याकडे गेला. जाताना यांना म्हणाला, “बन तुमी गाडीनं नेलं, आमाले पायी जा लागते.”

खात्याने कोरडं बी पाठवलं आहे. सात पोती आमच्याच ओसरीत.

२२ जून

तीन दिवस पाऊस होऊन उघडला. वाफसा आला. उद्या पेरण्या.

आज एक काम केलं. कोणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

हे सकाळीच नदीकडच्या हद्दीवर गेले. भागीरथा बियाण्याला आली. मूठभर बी हातात घेऊन म्हणाली, “खड्यावानी हाय वो.” तिने काही विचारलं नव्हतं. मीच बोलले.

“सरकीवर उकळतं पाणी पडलं तर काय होतं गं?”

माझ्याकडे पाहत राहिली. “मेलीच ना मंग.”

“मग हे तरी काय वेगळं?”

तिने मूठ पोत्यात मोकळी केली. मग हळूच म्हणाली, “माह्या घरी एवढं पानी नाई होनार. एवढा धूर झाला तं लोक पुसतीन.”

“माझ्या चुलीवर होईल.”

तांब्याचा मोठा हंडा चढवला. पऱ्हाट्यांचा एक भारा त्यातच गेला. बी घंगाळात ओतलं आणि वरून पाणी. दोघींनी धरून ओतलं, हंडा जड होता. वास आला, ओल्या सालीसारखा. झाकण ठेवून आम्ही बसलो. ती म्हणाली, “पाप व्हईन काय?” मी म्हटलं, “बीच तर आहे.”

दुपारी पाणी काढून बी ओसरीत तरटावर पसरलं आणि नेमके हे आले. लवकर. भागीरथा उठून उभी राहिली.

“ओलं काहून झालं?”

“घागर कलंडली,” मी म्हटलं.

“हं,” म्हणाले आणि आत गेले.

भागीरथा पोतं घेऊन गेली. आता हे झोपले आहेत. मला वाईट वाटायला हवं. झाडं म्हणजे यांचा जीव, आणि मी यांच्याच घरात यांचं बी मारलं. पण खरं लिहायचं तर बरं वाटतं आहे. कोणासाठी तरी काहीतरी केल्यासारखं. तिने मागितलं नव्हतं, मी दिलं, याचाही थोडा ताठा आहे त्यात. तो असू नये.

२५ जून

पेरण्या आटोपल्या. यांनी घागरीचं पुन्हा काढलं नाही.

६ जुलै

सात नंबरात बाभळी उगवल्या.

८ जुलै

आज जाऊन पाहिलं. बाकीच्या सहा तुकड्यांत तासात कुठे एक रोप, कुठे दोन, पुष्कळ ठिकाणी नुसतीच माती. शेषरावाच्या तीन नंबरात एकही नाही. आणि सात नंबरात या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरव्या रेघा. बोटभर रोपं, चिंचेच्या पाल्यासारखी पानं, दाटीवाटीने.

भागीरथा बांधावर उभी होती. मला पाहून जागची हलली नाही.

“बाई, मेलेलं बी उगवलं.”

मी वाकून एका रोपाला बोट लावलं.

“पानी उकळलं व्हतं ना बराबर?”

“तूच होतीस की.”

“हो. मीबी व्हती.” आणि वाकून पऱ्हाटीतलं गवत काढायला लागली. ‘बसा’ म्हणाली नाही. बसायला काही नव्हतंच म्हणा.

२ ऑगस्ट

भागीरथा आली नाही. विहिरीवर सात नंबरच्या बाभळींवरून बायका म्हणत होत्या — “नाकेदाराची बायको नवऱ्याचंच पाहीन ना?” कोणीतरी तिला सांगितलंच असेल. किंवा तिचं तिलाच वाटलं असेल.

कौशल्याचं पत्र. तिच्या मालकांना अमरावतीला राजापेठेत खोली मिळाली. लिहिते, “आई, इथे दारात एकही झाड नाही, पण नळ आहे.” लेक सुखात आहे.

१६ ऑगस्ट

रेंजरसाहेब तपासणीला आले. पुण्याकडचे आहेत, नवे, तरुण, बोलायला गोड. सातही तुकडे फिरले आणि सात नंबरात थांबले. शिपायाकडून रोपं मोजून घेतली. तासागणिक आकडा लिहिला. एकही रोप कमी झालं तर तुकडा त्याच दिवशी काढून घेऊ, असं बुधाजीला बजावलं. बुधाजी मान हलवत राहिला.

मग आमच्या ओसरीवर चहा.

“नाकेदार, सात नंबरची उगवण विलक्षण आहे. बी शेळ्यांचं होतं का?”

“नाई साहेब. कोरडंच.”

“मग कोणीतरी उकळतं पाणी घातलेलं दिसतं. बाभळीच्या बीला टणक कवच. शेळीच्या पोटात ते मऊ होतं, नाहीतर उकळत्या पाण्यात घालून ठेवावं लागतं. तसंच पेरलं तर दहात एखादंच वर येतं. या लोकांना हे कोणी शिकवलं?”

“मेहनती मानसं आहेत, साहेब,” हे म्हणाले.

मी दारात होते. बशा घेऊन तशीच आत गेले. कोणी वळून पाहिलं नाही.

१७ ऑगस्ट

म्हणजे काही केलं नसतं तर काम झालं असतं. पोतं होतं तसं उचलून दिलं असतं, तर आज सात नंबरातही नुसती माती असती आणि भागीरथेला आणखी दोन वर्षं मिळाली असती. मी मारायला गेले आणि उठवून बसवलं.

माझं माहेर सरकीचं. लहानपणी सरकीला शेण-माती चोळून पेरायला द्यायचं काम माझ्याकडे असे. हात जरा गरम असले तरी आई ओरडायची. आम्ही पऱ्हाटीवाली माणसं. सगळं बी सरकीच समजतो. पंचवीस वर्षं बनाच्या दारात राहिले, पण बाभळीचं बी कसं जगतं हे एकदाही यांना विचारलं नाही.

भागीरथेला सांगायला हवं.

१८ ऑगस्ट

गेले नाही.

२१ ऑगस्ट

आजही नाही. काय सांगू? “मी तुला फसवलं नाही, मला अक्कल नव्हती”? त्याने तिची जमीन राहणार आहे का? मला फक्त तिच्या मनातला माझ्याबद्दलचा संशय काढायचा आहे. म्हणजे पुन्हा माझंच.

१४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. वेचणी सुरू. बनाची कोरी माती — पऱ्हाटी छातीला लागते आहे. एवढी बोंडं या भागात मी पाहिली नाहीत.

आज दहीभात घेऊन सात नंबरात गेले. वेचणीच्या आधी शेतात दहीभात ठेवायचा, आम्ही त्याला सीतादही म्हणतो. माहेरी कधी चुकलं नाही. वाटलं, तिची पहिली वेचणी आहे.

भागीरथेच्या ओटीत कापूस होता. डबा पाहून म्हणाली, “आमी नाई करत वो बाई आता ते.”

मी ओशाळले. लक्षातच आलं नाही. “मग नुसता खायला घे,” म्हटलं.

पाहत राहिली, मग हसली. “ते चालते. भुकीले काई धर्म नाई.” बुधाजीला हाक मारली. तिघं बांधावर बसून जेवलो. एका डब्यातून. पाणी पुढे करताना तिने मला आधी विचारलं नाही आणि मीही थांबले नाही.

बाभळी गुडघ्याएवढ्या. त्यांच्या काट्यांनी तिचे हात पार ओरबाडले आहेत. उकळत्या पाण्याचं सांगायचं तोंडाशी आलं होतं. जेवणाची चव जाईल म्हणून गिळलं.

३० जून १९५९

बरेच महिने लिहिलं नाही. दुसरी पेरणी झाली. शेवटची. बाभळी कमरेच्या वर. पऱ्हाटी आता त्यांच्या सावलीत बसते आहे.

हे रोज उतरत्या उन्हात सात नंबराला एक फेरी मारतात. आज मीही बरोबर गेले. एका रोपाची वाकलेली फांदी सरळ करून त्यांनी पळसाच्या सालीने बांधली. इतक्या हलक्या हाताने, की मला कौशल्याची वेणी घालणारे हे आठवले. मी बाळंतपणात आजारी होते तेव्हा घालायचे.

“हे मोठं झालं का गावाले लाकूड मिळीन,” म्हणाले. “नाईतं चाकाचा अरा आनाले बी अमरावतीले जा लागते. पूर्ण वऱ्हाडात पऱ्हाटीच पऱ्हाटी झाली. अशानं मानूस कापूस खाईन का?”

चुकीचं काय आहे त्यात? काही नाही. भागीरथेचंही काही चुकीचं नाही. पाच एकरांत दोन खऱ्या गोष्टी मावत नाहीत, एवढंच.

१० जानेवारी १९६०

मोठी बातमी. ज्या तुकड्यांत बाभूळ लागली नाही ते जंगलाच्या कामाचे नाहीत, म्हणून खातं सोडून देणार. आणि ज्याच्याकडे आहेत त्याच्याच नावे कायमचे करणार. एक ते सहा.

गावात गूळ वाटला. चार घरं अशी, की ज्यांच्या सात पिढ्यांत ढेकूळ मालकीचं नव्हतं. त्यांच्या बायका माझ्याही हातावर गूळ ठेवून गेल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? तीन नंबरही शेषरावाच्या, म्हणजे पाटलांच्या घरात. शेषरावाने तर बियाण्याचं पोतं सोडलंसुद्धा नव्हतं. नाल्यात टाकलं, म्हणे.

सात नंबरला एकतीस मार्चपर्यंत मुदत. तिथे बाभूळ उत्तम आहे.

१२ जानेवारी

शेषराव हसत हसत बुधाजीला म्हणाला, “तुमी शाने, अट पाळली. आमी येडे, आमाले जमीन भेटली.” पुढे म्हणे, बुधाजी शांतपणे त्याच्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

२ मार्च

यांना बढतीचं पत्र. फॉरेस्टर. परतवाड्याला बदली. सात नंबर जिल्ह्यातला नमुना म्हणून दाखवणार आहेत. यांनी पत्र दोनदा वाचून घडी करून खिशात ठेवलं. संध्याकाळी पुन्हा काढलं.

मी गोड केलं. शेवया. माझी वाटी तशीच राहिली.

२० मार्च

सांगितलं. शेवटी.

सात नंबरात गेले. उरलासुरला कापूस वेचत होती. बाभळी आता तिच्या डोक्याच्या वर. पिवळी फुलं आली आहेत, गोंड्यांसारखी. काट्यांतून वाकून वाट काढावी लागली. उभ्यानेच सगळं बोलले. उकळतं पाणी, कवच, शेळीचं पोट, रेंजरसाहेब. दीड वर्षापासून मला माहीत होतं आणि मी बोलले नाही, हेही.

ऐकून खाली बसली.

“म्हंजे आपन पानी नसतं टाकलं तं…”

“तर जमीन तुझी झाली असती.”

एक बोंड हातात होतं, ते सोलत राहिली. मला वाटलं, आता रडेल, किंवा जा म्हणेल.

“आन् मी काय समजली, तुमी नवऱ्यापाई मले फसवलं. मनकर्णाबाईनं सांगतलं, मले पटलं.” मग हसली, कोरडं. “बाई, आपन दोघीबी ढ.”

“चूक माझी आहे. तू काही मागितलं नव्हतंस. मीच—”

“असं कसं? हंडा दोघींनी धरला व्हता ना?” आवाज चढला. “माह्याबी मनात व्हतं. सगयं तुमीच कावून घेता? जमीन तं आमच्या वाट्याले नाई. चूक तरी राहू द्या आमची.”

मी वेचायला लागले. काटे फार लागले. सूर्य कलेपर्यंत दोघी वेचत होतो.

निघताना विचारलं, “आता कुठे?”

“बडनेऱ्याले रेल्वेच्या कामावर मजूर घेतात म्हनते. आमचे हे पायी जाऊन पुसून येनार.” मग पाटीवर कापूस दाबत म्हणाली, “पन मले माती पाहिजे व्हती, बाई.”

२९ मार्च

खात्याचा कागद आला आहे. प्रत्येक तुकड्यापुढे यांचा शेरा पाहिजे. त्याशिवाय वाटप पक्कं होत नाही. सहा तुकड्यांचे शेरे लिहून झाले. सात नंबरपुढची जागा कोरी. परवा टपालाने जाणार.

३० मार्च

यांना सगळं सांगायचं ठरवलं. मारलं तर मार खाईन. यांनी कधी हात उचलला नाही, पण मी तरी असं कधी केलं होतं?

३१ मार्च

सकाळीच सांगितलं. हे टाक धुवत होते. माझं अर्ध्यावर आलं तेव्हा म्हणाले, “मले मालूम हाय.”

“कधीपासून?”

“तरटावर पाहिलं तेव्हाच. फुगलं होतं ना बी. ट्रेनिंगात शिकवलं होतं आमाले. पन जुन्या साहेबाचा हुकूम होता, बी कोरडंच वाटा.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तं तिनं दुसरं पोतं नेलं असतं, कोरडं. दहात एक आली असती.” माझ्याकडे पाहिलं नाही. “तीनशे एकर गेलं माह्या डोयासमोर. म्हटलं, पाच तं उभं राहीन.”

एकवीस महिने मी ज्या ओझ्याखाली वाकले होते, ते यांनी सहज उचलून ठेवलं होतं. एका घरात. खोटं मी बोलले. हे फक्त गप्प बसले. मला राग येत नाही, हेच नवल वाटतं. या माणसाची बाजू मला कळते. पण सात नंबर तिघांनी मिळून उगवून आणला, आणि बडनेऱ्याच्या रुळांवर जाणार ती एकटी.

टपालवाला दुपारी येईल. कागद अजून पाटावर आहे. हे आंघोळीला गेले आहेत. आले की त्यांच्यापुढे ठेवणार. नाही म्हणतील. बढती जाईल, कदाचित नोकरीवरही येईल, आणि त्यांचं एकुलतं बन त्यांच्याच अक्षरात तुटेल. एवढं कोणी कोणाला देत नाही. तरी मागणार आहे —

खोटं लिहा म्हणत नाही. सात नंबरपुढे खरं तेवढं लिहा. बी नाकेदाराच्या चुलीवर, नाकेदाराच्या बायकोने भिजवलं. नाकेदाराने पाहिलं. आणि त्याखाली तुमची सही करून लिहा, की हा तुकडा भागीरथेच्या नावे करावा.